हाडापर्यंत

मंगळवार, ६ फेब्रुवारी

हॉस्पिटलने आज मला एक निळ्या पुठ्ठ्याची वही दिली. रोज सकाळी त्यात लिहायचं : दुखणं शून्य ते दहा, मळमळ शून्य ते दहा, थकवा शून्य ते दहा. वहीवर माझं नाव नाही. ०११, एवढंच. कौन्सिलच्या ऑफिसात मी बावीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या, कुणाच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, आणि आता मीच अकरा नंबर. म्हटलं, त्यांची वही त्यांना लखलाभ. ही दुसरी माझी. हिच्यात मराठीत लिहीन आणि आकडे मला वाटले तर घालीन.

तर मी सुप्रभा कारखानीस, वय सदुसष्ट, राहणार स्टॅनमोर, लंडन. सहा वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, सगळं यथासांग झालं आणि गेला म्हणून आम्ही पेढे वाटले. मागच्या ऑगस्टात कंबर धरली ती सुटेना, चालायला हातात काठी आली. स्कॅनमध्ये हाडांत पाच ठिपके निघाले. मणक्यात दोन, कमरेच्या हाडात दोन, डाव्या मांडीच्या हाडात एक. दोन औषधं देऊन झाली, ठिपके आपले वाढतायत. मग कन्सल्टंट बाई म्हणाल्या, एक ट्रायल चालू आहे, विचार करा. मी विचार केला आणि आज सही केली.

हे, म्हणजे शशिधर, माझ्या शेजारी बसले होते. पस्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत अ‍ॅनेस्थेटिस्ट होते, म्हणजे भूल देणारे डॉक्टर. घरी येताना गाडीत ट्रॅफिकच्या बातम्या लावून ठेवल्या.

बुधवार, ७ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना भांडण झालं. बरंच झालं, कालपासून तुंबलं होतं.

मला समजलं ते असं. नेहमीची केमो सगळ्या अंगभर फिरते. केस, तोंड, पोट, सगळ्यांना प्रसाद मिळतो आणि हाडापर्यंत जेमतेम थोडी पोचते. या नव्या औषधाचे इतके बारीक कण केलेत की केसाच्या जाडीत सात-आठशे ओळीने उभे राहतील. कणाच्या पोटात औषध, आणि वर असा एक थर की त्याला हाडातल्या कॅल्शियमची ओढ. मी सोमवारी उपाशीपोटी घ्यायचे ती हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणूनची गोळी, त्याच कुळातला हा थर. तो जाऊन हाडाला चिकटतो. गाठीजवळ सगळं आंबट झालेलं असतं, तिथे कण फुटतो आणि औषध बाहेर पडतं. ऐकायला तर छान आहे.

"ऐकायला," हे म्हणाले. "सुप्रभा, ही पहिल्या फेजची ट्रायल आहे. पेशंट बरा व्हावा म्हणून ती नसते. माणूस किती डोस सोसतो ते बघायला असते."

"मग सोसून दाखवते."

"हा विनोदाचा विषय नाही."

"मी कुठे विनोद करतेय? दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

ट्रायलचे चौऱ्याण्णव पानी कागद घेऊन ते मागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्वेटरीत, जाऊन बसले. दुपारभर पेन्सिलीने खुणा करत होते. चुका काढत असतील. तेवढाच उत्साह मला धीर द्यायला दाखवला असता तर?

मंगळवार, २० फेब्रुवारी

पहिला डोस.

हे आत आले नाहीत. "पार्किंगचं बघतो," म्हणाले. ट्यूबने गेलो असतो तर पार्किंगचं बघावं लागलं नसतं, पण ते असो.

वेटिंग रूममध्ये शेजारी एक उंच, वाळलेला इंग्लिश गृहस्थ बसला होता. मिस्टर पेनफोल्ड, क्रॉयडनचा, पूर्वी ट्राम चालवायचा. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेलाय, असं त्याने हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी कुठल्या खोलीत चाललेय ते बघून म्हणाला, "अच्छा, म्हणजे तुम्ही त्या छोट्या पार्सलांवर. नंबर किती तुमचा?"

मला आवडलं नाही. असं विचारतात का? पण तोंडातून निघून गेलं, "अकरा."

"अकरा!" त्याचा चेहरा असा उजळला की जणू लॉटरी लागली. "अकरापर्यंत गेले म्हणजे!"

आत नर्स मारिसेल. ती मूळची मनिलाची, हात फार हलका. सुई लावली आणि दहा मिनिटांत माझा चेहरा पेटला. पाठीला कोणीतरी पकडीत धरल्यासारखं झालं, श्वास वर जाईना. मारिसेलने लगेच थेंब बंद केले, दुसरं इंजेक्शन दिलं, "होतं असं पहिल्या वेळी, माझ्याकडे बघा," म्हणत राहिली. अर्ध्या तासाने सावकाश पुन्हा सुरू केलं. माझा चष्मा काढून ठेवलेला होता. दाराच्या काचेतून कुणीतरी तपकिरी कोटवालं सारखं येरझारा घालत होतं, तेवढं दिसत होतं. माणसांना हॉस्पिटलात फिरायला दुसरी जागा मिळत नाही का?

एक मात्र लिहून ठेवते. मी काही मागायच्या आत मारिसेलने पायांवर गरम केलेलं ब्लँकेट घातलं. चहात साखर अर्धा चमचा, बरोबर आल्याची बिस्किटं, आणि सुई डाव्या हाताला, कारण उजवीकडच्या शिरा पळतात. सगळं न विचारता. काय ट्रेनिंग असतं या लोकांचं!

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

ताप. जीभ लाकडासारखी. हे दोन्ही वेळा मुगाची खिचडी करतात आणि दोन्ही वेळा मीठ विसरतात. मी बोलले नाही. न बोलता मीठ वरून घालून घेतलं, तर तेवढ्यावरूनही त्यांचा चेहरा पडला.

मंगळवार, १२ मार्च

दुसरा डोस. या वेळी पाठ धरली नाही. चेहरा नुसता गरम झाला.

पेनफोल्ड पुन्हा भेटला. त्याला आता ट्रायलचं औषध नाही, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला येतो. तरी माझी चौकशी इतकी बारकाईने करतो की मला शाळेत तपासायला आलेल्या साहेबांची आठवण होते. थंडी वाजली का? किती वेळ? या वेळी डोस वाढवला का? दुखणं कुठे कमी, कुठे तसंच? मी म्हटलं, "तुम्ही डॉक्टर का झाला नाहीत?" तर हसला आणि म्हणाला, "मी आपला टाइमटेबलचा माणूस. गाडी कुठवर गेली ते कळलं की बरं वाटतं."

आकड्यांचं वेड असतं काही पुरुषांना. आमच्याही घरात आहे एक. दुसऱ्या वहीतले माझे शून्य ते दहा हे रोज बघतात आणि आलेखाच्या कागदावर टिंबं काढतात.

मंगळवार, ९ एप्रिल

आज पाडवा.

सप्टेंबरपासून मी खालीच झोपते, सोफा-बेडवर. जिना चढणं बंद. सकाळी हे गुढीची काठी खालच्या खिडकीला बांधायला लागले. मी म्हटलं, थांबा, गुढी दरवर्षी वरच्या खिडकीला असते. आणि चढले. कठड्याला हात लावून, मधे एकदा थांबून, पण चढले. तेरा पायऱ्या. वरच्या बेडरूममध्ये माझीच खोली मला पाहुण्यासारखी वाटली. पडद्यांवर धूळ होती.

काठीला साडी बांधली, गडू पालथा घातला, कडुलिंब मिळाला नाही म्हणून कढीपत्ता. समोरच्या मिसेस कोहेन हात करून "हॅपी न्यू इयर" म्हणाल्या. त्यांना आता वीस वर्षांत पाठ झालंय.

मागे वळले तर हे दारात उभे, हातात हातोडी, नाक लाल. मी म्हटलं, सर्दी झालीये तर आधी वाफ घ्या.

तिसऱ्या डोसला आज आठवडा झाला. दुखणं सातावरून तीनवर आलंय. हा आकडा मात्र मी आपण होऊन इथे लिहितेय.

शुक्रवार, १९ एप्रिल

स्कॅनचा निकाल. पाचातले तीन ठिपके लहान झालेत. एक होता तेवढाच. मांडीतला एक किंचित वाढला, पण "किंचित" हा शब्द कन्सल्टंट बाईंचा आहे आणि त्या शब्द जपून वापरतात.

बाईंच्या खोलीत मी रडले नाही. खाली फार्मसीच्या रांगेत, एक अनोळखी बाई "तुमची पर्स उघडी आहे" म्हणाली आणि मला रडू फुटलं. बिचारीने मला पर्स बंद करून दिली.

सोमवार, २२ एप्रिल

उद्या चौथा डोस होता. मारिसेलचा फोन आला : येऊ नका. माझ्यापेक्षा पुढच्या, मोठ्या डोसवर एक पेशंट होता, त्याला गंभीर रिअ‍ॅक्शन आली, तो आयसीयूमध्ये आहे. सेफ्टी कमिटी बसेपर्यंत ट्रायल थांबवली आहे, सगळ्यांसाठीच.

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. त्या माणसाची काळजी मला दुसऱ्यांदा वाटली. पहिल्यांदा वाटलं, "माझा डोस गेला." फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. बावीस वर्षं माझ्या टेबलासमोर बायका, मुलगे, आया येऊन बसल्या, मी त्यांचं दुःख अक्षरशः हाताने लिहून घेतलं. आणि मी अशी?

ह्यांना सांगितलं. मला वाटलं म्हणतील, "मी सांगत होतोच." उलट कन्झर्वेटरीतून ते चौऱ्याण्णव पानी बाड आणून एक पान उघडलं. कमिटी बसायला जास्तीत जास्त किती दिवस लागतात त्याच्याखाली पेन्सिलीची रेघ. म्हणजे फेब्रुवारीतल्या त्या दुपारची. चुका काढताना एवढं नेमकं कसं सापडलं कोण जाणे.

शनिवार, ४ मे

तो माणूस आयसीयूतून बाहेर आला. मारिसेलला नाव सांगता येत नाही, एवढंच म्हणाली की घरी गेला. देवापाशी दिवा लावला.

माझं दुखणं चारवर. जिना चढते, पण आता पायऱ्या मोजत. मुलाचा ब्रिस्टलहून फोन आला, त्याला "मस्त आहे" म्हणाले.

गुरुवार, १६ मे

ट्रायलच्या पेशंटांसाठी आज एक सभा होती. संशोधक येऊन सांगणार, आम्ही प्रश्न विचारायचे, आणि सँडविचेस. पेनफोल्ड येईल असं वाटलं होतं, आला नाही.

बोलायला उभी राहिली ती तिशीची मुलगी. बॅजवर डॉ. अन्वी सबनीस. मी ह्यांना कोपर मारलं.

तिने पहिली चांगली बातमी दिली : कमिटीने ट्रायल पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. माझ्या गटाला जो डोस आहे तोच आता सगळ्यांना, त्याच्या वर जायचं नाही, आणि थेंब आणखी सावकाश सोडायचे. खोलीतल्या सात-आठ जणांनी एकदम श्वास सोडला.

मग तिने पडद्यावर टिंबं दाखवली. एकेक टिंब म्हणजे एकेक पेशंट. खाली डावीकडे तीन टिंबं अगदी जमिनीला टेकलेली, मग जरा वर तीन, मग तीन, मग आमची. "पहिल्या तिघांचा डोस आजच्या डोसचा सोळावा हिस्सा होता," ती म्हणाली. "इतक्या कमी डोसचा त्यांना स्वतःला फायदा होण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. हे त्यांना आधी सांगितलेलं असतं. तरी ते आले, म्हणून आपण पुढे सरकू शकलो."

मी त्या तीन टिंबांकडे बघत राहिले. मला हे माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, औषध तयार झालं, मी सही केली, मिळालं. ह्यांच्याकडे बघितलं तर ते मान हलवत होते. त्यांना माहीत होतं. बाडात असणार.

"कोण होते ते?" मी विचारलं.

"नावं मलाही माहीत नाहीत," अन्वी म्हणाली. "मला फक्त नंबर दिसतात."

मग आणखी एक सांगितलं. औषध हाडातल्या गाठीत खरोखर किती पोचतं, हे त्यांनी उंदरांत पाहिलंय, माणसांत नाही. त्यासाठी डोस दिल्यावर दुसऱ्या दिवशी हाडाचा एक तुकडा काढून बघावा लागेल. पेशंटला त्यातून काही मिळणार नाही, आणि दुखतं. अजून कोणी तयार झालेलं नाही. "आणि कोणी नाही म्हटलं तर आम्ही ते पूर्ण समजू शकतो," असं म्हणून ती खाली बसली. सगळे सँडविचकडे बघायला लागले. मीसुद्धा.

नंतर ती आपण होऊन आमच्याकडे आली आणि मराठीत म्हणाली, "काकू, तुम्ही मराठी ना? माझा मराठी वाईट आहे, सॉरी. मी सहा वर्षं याच्यावर काम करते. पण ज्यांना दिली, ती माणूस कधी बघितला नाही. तुमची दुखणं कमी झाला?"

इतकं चुकीचं आणि इतकं चांगलं मराठी मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. म्हटलं, "झालं गं. पुष्कळ कमी झालं." तिने माझा हात धरला तो सोडेचना.

निघताना मारिसेलने एक चिठ्ठी दिली. पेनफोल्डने पाठवली होती माझ्यासाठी. त्याचा पत्ता, फोन, आणि एकच ओळ : "आता येणं जमत नाही. कसं चाललंय ते कळवाल का?"

मंगळवार, २१ मे

क्रॉयडनला जाऊन आलो. देवगडच्या हापूसची पेटी केंटन रोडवरून आणली होती, ती ह्यांनी उचलली. स्टॅनमोरहून ट्यूबने लंडन ब्रिज, तिथून ट्रेन, पुढे ट्राम. ट्राममध्ये माझी काठी बघून मला बसायला जागा मिळाली, पेटीलाही मिळाली, हे उभे.

पेनफोल्डच्या बायकोने दार उघडलं. जीन तिचं नाव. पुढच्या खोलीतच हॉस्पिटलसारखा पलंग आणून ठेवला होता. तीन महिन्यांपूर्वीचा तो उंच माणूस अंथरुणात केवढासा दिसत होता. पण मला बघून पहिला प्रश्न तोच, "अकरा! स्कॅनचं काय?"

मी सांगितलं. तीन लहान झाले, एक तसाच, एक किंचित. जिना चढले तेही सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि माझा बोलण्याचा ओघ संपल्यावर म्हणाला, "तीन. जीन, ऐकलंस? तीन लहान झाले."

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. इतके दिवस तो मला विचारत होता, मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

"तुमचा नंबर किती होता?"

"दोन," पेनफोल्ड म्हणाला.

ह्यांनी पेटी खाली ठेवली. मी कसंबसं विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं ना? की एवढ्याने काही होणार नाही?"

"दोनदा वाचून दाखवलं. जीन म्हणाली, मग कशाला जातोस?"

"अजून म्हणते," जीन म्हणाली, पण त्याचं पांघरूण सारखं करत.

"इथे ट्राम सुरू व्हायच्या आधी," तो म्हणाला, "आम्ही त्या कित्येक आठवडे रिकाम्या चालवल्या. सीटांवर वाळूची पोती. लोक स्टॉपवरून हात करायचे. आम्ही थांबायचो, दार उघडायचो, पुन्हा लावायचो, कुणालाच घ्यायचो नाही. काय शिव्या द्यायचे लोक! पण वळणावर गाडी रूळ धरते की नाही, हे कुणीतरी आधी बघायला नको का?" त्याला धाप लागली. जरा थांबून म्हणाला, "मला माझं काम आवडायचं, एवढंच."

थँक यू आपण इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणतो. दुकानात म्हणतो. दार धरलं तर म्हणतो. ह्या माणसाला तेच म्हणायचं? आणि मराठीत तर आपल्या माणसाचे आभार मानले की परकं केल्यासारखं होतं.

मी उठले, पलंगाच्या पायथ्याशी गेले आणि वाकले. पूर्ण वाकले. ऑगस्टात मला पडलेला चमचा उचलता येत नव्हता. पांघरुणावरूनच त्याच्या पावलांना हात लावला आणि कपाळाला लावला.

"काही पडलं का तुमचं?" पेनफोल्डने काळजीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "सगळं आहे."

ह्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं. जीनने आंबा कापायला सुरी आणली. कसा कापायचा ते तिला दाखवलं. पेनफोल्डने दोन फोडी खाल्ल्या, आणि जीन म्हणाली, परवापासूनचं हे पहिलंच खाणं.

परत येताना ट्राममध्ये मी ह्यांना सांगितलं, "तो हाडाचा तुकडा. मी देणार आहे." मी वादाला तयार होऊन बसले होते. हे बाहेर बघत होते. मग म्हणाले, "कमरेचं घेतील. डावीकडचं सोपं पडेल." बस.

बुधवार, २९ मे

काल चौथा डोस झाला, आज तुकडा काढला. सीटी मशीनच्या टेबलावर पालथी झोपले होते.

नवल म्हणजे हे आज आत आले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. रेडिऑलॉजिस्टला अगदी पोरासारखं विचारलं, "मी डोक्याशी बसलो तर चालेल?" त्यांच्या आवडीचा विषय, प्रोसिजर आहे ना, म्हणून उत्सुकता. ते माझ्या डोक्याशी स्टुलावर बसले आणि दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. तिथे तीन-तीन मशीनं माझी नाडी मोजत होती, तरी.

भूल दिली होती, पण हाडाच्या आतल्या दुखण्याला भूल पुरत नाही. सुई नव्हे, गिरमिटच ते. दाब, मग कुरकुर, मग आतून असं काही ओढल्यासारखं झालं की मी "आई गं" ओरडले. हे माझ्या कानाशी सावकाश म्हणत होते, "आता श्वास घे. सोड. घे. झालंच. सोड." हाच आवाज हजारो लोकांनी झोपायच्या आधी शेवटचा ऐकला असणार, आणि मी चाळीस वर्षं त्यांची बायको, आज पहिल्यांदा ऐकला. इतका मऊ आवाज घरात कुठे ठेवतात कोण जाणे.

संपल्यावर मारिसेलने चहा आणला, अर्धा चमचा साखर. मी ह्यांना म्हटलं, "बघा, हिला सगळं पाठ आहे." मारिसेल ह्यांच्याकडे बघून हसली. हे आपला तपकिरी कोट सावरत बुटाची नाडी बांधायला वाकले.

बुधवार, १२ जून

डाव्या कुशीवर अजून झोपता येत नाही. हिरवानिळा डाग पडलाय, जुन्या अ‍ॅटलासमधल्या ऑस्ट्रेलियाएवढा. बाकी दुखणं दोन.

हे आता खिचडीत मीठ घालतात. कालची तर खारट होती. चाटून-पुसून खाल्ली.

गुरुवार, ४ जुलै

आज इथली निवडणूक. मतदानाचं केंद्र कोपऱ्यावरच्या शाळेत. निघायच्या तयारीत होतो, कोट अंगात, तेवढ्यात फोन वाजला. अन्वी. नियमाप्रमाणे कन्सल्टंट बाईंनी तिला परवानगी दिली होती, असं तिने आधी सांगितलं आणि मग तिच्याच मराठीत म्हणाली, "काकू, पोचली. ती पोचली! रक्तात होता त्याच्यापेक्षा कितीतरी पट जास्ती तुमच्या हाडात आहे. गाठच्या अगदी कडेला. मी स्वतः बघितली. काळे काळे टिपके, अशी लाइनमध्ये चिकटून बसलेले."

ती रडत होती की हसत होती ते कळेना. मी म्हटलं, "अन्वी, मी हे कुणाला सांगू शकते का?"

"तुमचा हाड आहे काकू. तुम्ही कोणालापण सांगा."

कोट न काढताच क्रॉयडनला फोन लावला. जीनने घेतला. तो आता हॉस्पिसमध्ये आहे, ती तिथेच बसली होती, बोलणं कमी झालंय म्हणाली, पण ऐकू येतं. फोन त्याच्या कानाला लावते म्हणाली.

मला इंग्रजीत काय बोलायचं ते सुचेना. चाळीस वर्षं इथे राहून, हजारो नोंदी इंग्रजीत करून, सुचेना. शेवटी म्हटलं, "मिस्टर पेनफोल्ड, अकरा बोलतेय. माझ्या हाडाचा तुकडा काढून त्यांनी पाहिलं. औषध तिथे आहे. पोचलं."

पलीकडे नुसता श्वास. सावकाश, खरखरीत. मी थांबले. हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले, फोनला कान लावून.

"हाडापर्यंत?" त्याने विचारलं. आवाज अगदी लांबून आल्यासारखा.

"हाडापर्यंत."

मग फोन बाजूला झाल्याचं ऐकू आलं, आणि तो खोलीत तिला सांगत होता, अगदी स्पष्ट, "जीन. पोचलं बरं का."

फोन ठेवल्यावर ह्यांनी दार उघडलं आणि आम्ही मत द्यायला चालत गेलो. पाऊण मैल असेल. माझी काठी घरीच राहिली, हे शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर लक्षात आलं.